पाहुण्याची जीभ

मोरेश्वर खरे पहिल्यांदाच लेकीकडे मुंबईला आले, तेव्हा शर्मिष्ठा त्यांना शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉटेलात घेऊन गेली. तिथे प्रत्येकाच्या ताटात एकच पांढरा लगदा होता आणि लोक तो मिटक्या मारत खात होते. मोरेश्वरांनी एक घास घेतला.

"अगं, याला काही चवच नाही."

"बाबा, चव आता ताटात नसते. जिभेखाली चिप बसवतात, तिला हॉटेल चव पाठवतं. इथे सगळीकडे असंच जेवतात. तुम्हीही बसवून घ्या ना, पाहुण्यांना फुकट आहे."

लेकीला आपल्यासोबत जेवायचंय, एवढंच त्यांना कळलं. काउंटरवरच्या मुलीने क्षणात चिप बसवली. मग त्याच लगद्याला आधी बिर्याणीची चव आली, मग बासुंदीची. बापलेक हसत हसत जेवले.

"जाताना काढून देतील ना?"

"ती निघत नाही, बाबा. पण काढायची कशाला?"

गुहागरला घरी परतल्यावर त्यांच्या बायकोने, कुमुदताईंनी, गरम भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. मोरेश्वरांना घास गरम लागला, बस्स. त्यांची जीभ आता फक्त चिपचं ऐकत होती, आणि गावात चिपला चव पाठवणारं कोणीच नव्हतं.

"कसं झालंय हो?"

"फक्कड."

"शर्मी मागच्या खेपेला अर्धं पान टाकून उठली. म्हटलं, माझ्या हाताची चवच गेली. किती रडले मी तेव्हा!"

मोरेश्वरांनी ताट पुढे केलं.

"वाढ अजून."