तिसऱ्या प्रतीपर्यंत

चौथ्या कादंबरीचा नायक नदीत उडी घेऊन मेला, तेव्हा अध्यक्षांनी बिस्किटांची बशी समीक्षकांकडे सरकवली.

बाई अभिप्राय वाचून दाखवत होत्या. संस्थेचं यंदाचं पारितोषिक क्वीअर, म्हणजे समलिंगी प्रेमाच्या, कादंबरीला द्यायचं ठरलं होतं. आलेल्या ढिगातून बाईंनी पाच निवडायच्या, प्रत्येकीवर पानभर अभिप्राय लिहायचा आणि बाकी तिघांनी निकाल लावायचा, अशी कामाची वाटणी होती. तिघांनी पुस्तकं वाचलीच पाहिजेत असं संस्थेच्या घटनेत कुठं म्हटलेलं नव्हतं.

"म्हणजे पहिलीतली प्रेयसी आजारानं जाते," अध्यक्षांनी उजळणी केली. "दुसरीतला मित्र ट्रकखाली. तिसरीतली लग्न करते."

"म्हणजे गेलीच," समीक्षक म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

"चौथीतल्या नदीला मात्र वजन आहे," कवयित्री म्हणाली. "पाणी पहिल्या पानापासून वाट बघत असतं त्याची."

"आपल्यात कुणी तसं नाही, हे एका अर्थी बरंच झालं," अध्यक्ष म्हणाले. "निकाल कसा निःपक्ष होतो."

बाईंनी मान डोलावली. बत्तीस वर्षं कॉलेजात काढल्यावर मान आपली आपणच डोलते, तिला सांगावं लागत नाही.

राहिली पाचवी. पाचवीत कुणी मरत नव्हतं. दोन बायका एका घरात म्हाताऱ्या होत होत्या. एकीला झोपताना खिडकी उघडी लागायची, दुसरीला बंद, आणि त्यावरून दोनशे पानं भांडण. मधेच एकीच्या पोटरीत गोळा येतो आणि दुसरी डोळेही न उघडता, झोपेतच, ती पोटरी चोळून देते. एवढंच.

बाईंच्या घरची खिडकी गेली सव्वीस वर्षं अर्धी उघडी असे. तेवढ्यावर तह झाला होता. जिच्याशी तह झाला होता, तिनं आयुष्य टपाल कचेरीत रजिस्टर पत्रांच्या पावत्या लिहिण्यात घालवलं होतं आणि निवृत्तीनंतर ती बाईंची पुस्तकं बाईंच्या आधी वाचत असे. यंदाची पहिली चार तिनं एकेक करून पलंगाखाली ढकलली. "काय गं हे! आपल्यातलं एकही माणूस शेवटापर्यंत टिकत नाही?" पाचवं उशाशी ठेवलं. आज सकाळी बाई चपला घालत असताना म्हणाली, "हिला बक्षीस मिळवून दे. नाही मिळालं तर बाहेरच जेवून ये."

पाचवा अभिप्राय फायलीत होता. बाईंनी तो चार वेळा लिहिला होता, आणि चौथ्यांदा त्यात एक वाक्य घातलं होतं: हे असंच असतं, मला माहीत आहे. आजवरच्या एकाही अभिप्रायात त्यांनी 'मला' असं लिहिलेलं नव्हतं.

बाई फायलीची नाडी सोडत होत्या, तेवढ्यात समीक्षक म्हणाले, "पाचवी मी चाळली. भाषा गोड आहे, पण संघर्ष कुठाय? दोन बायका जन्मभर सुखानं राहतात. असं कुठं असतं का हो?"

"स्वप्नरंजन," कवयित्री म्हणाली.

"बघू तरी," म्हणत अध्यक्षांनी पुस्तक ओढलं. ते नेमकं पोटरीच्या पानावर उघडलं. वाचून वाचून त्याला तशी सवयच लागली होती. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय? समासात पेन्सिलीनं कुणी लिहिलंय? 'अगं, या लेखिकेला आपल्या घरात कुणी डोकावू दिलं?'"

"अक्षर काय, कोरलंय जणू," समीक्षक म्हणाले.

कवयित्री हसली. "आपल्या घरात म्हणजे कुणाच्या हो, बाई?"

तिघंही बाईंकडे बघत होते. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. बिस्किट खाणाऱ्या माणसांच्या मनात सहसा नसतं.

"माझ्याकडे असते एक," बाई म्हणाल्या. "लांबची बहीण. एकटीच आहे बिचारी. दिसेल ते वाचते आणि काहीबाही लिहून ठेवते."

बिचारी हा शब्द कुणी मागितला नव्हता. बाईंनी तो आपल्या पदरचा घातला.

"हां हां," अध्यक्ष म्हणाले. "असतं एकेकाच्या घरी. बरं, तुमचं मत काय? पटतं का हे तुम्हाला?"

बाईंनी फायलीची नाडी पुन्हा बांधली. गाठ नीट बसली आहे ना, तेही पाहिलं.

"नाही पटत," त्या म्हणाल्या. "असं नसतं."

"मग नदीला देऊन टाकू," अध्यक्ष म्हणाले. समीक्षकांनी हात वर केला; कवयित्रीनं आधीच केला होता. "आणि बाई, पुस्तकं इथून ग्रंथालयात जातात. पुढच्या वाचकाच्या हाती कोरं पडलेलं बरं." त्यांनी खणातून खोडरबर काढून दिलं.

बाई खोडू लागल्या. आधी 'आपल्या' गेलं, मग 'घरात'. खोडरबराचा काळा भुगा टेबलावर पडला तो कवयित्रीनं फुंकर मारून उडवला.

"झालं कोरं?"

"झालं."

पान पांढरं दिसत होतं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं तर बोटाला अक्षरं लागली. पान उलटलं, तर तिथंही. टपालाच्या पावत्या कार्बन लावून, दाबून लिहायच्या असतात आणि तिसरी प्रत वाचता आली नाही तर साहेब पुन्हा लिहायला लावतो, हे ती घरी हजारदा सांगायची.

बाईंनी आणखी एक पान उलटलं आणि ते उजेडाकडे तिरपं धरलं. तिथं कार्बन नव्हता. तरी वाचता येत होतं.