नत्थूजींचं सुवर्णनाणं

राज्य तलवारीनं मिळतं, पण टिकतं ते सोन्याच्या नाण्यानं, असं नत्थूजींचं ठाम मत होतं. रोमन सम्राट नाण्याच्या एका बाजूला स्वतःचं तोंड छापत आणि दुसऱ्या बाजूला वारसदार पोराचं. पुढचा राजा कोण, हे प्रजेला वेगळं सांगावं लागत नसे.

नत्थूजींचं राज्य म्हणजे वाडीतली एक शाळा आणि तिची अकरा जणांची कार्यकारिणी. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी त्यांनी प्रत्येकाला मखमली डबीत घालून तसंच नाणं दिलं. पुढून स्वतः, मागून अध्यक्षपदाला उभा असलेला मुलगा सौरव. एक सौरवलाही दिलं. सदस्यांनी नाणी भक्तिभावानं कपाळाला लावली.

सौरवला एकच मत पडलं. ते नत्थूजींचं.

"घेतल्या सोन्याले तरी जागाचं होतं, चंपतराव," ते उपाध्यक्षांना म्हणाले.

"कोणतं सोनं, भाऊ? पितळ हाये ते. सराफानं कसोटीवर घासलं तं सौरवच्या नाकावरचा मुलामाच निघाला."

नत्थूजींना पितळेपेक्षा अविश्वास जास्त लागला. "म्हणजे तुम्ही माझं नाणं तपासाले इतवारीच्या सराफ्यात गेले? काहून गा?"

"आम्ही कायले जातो? माह्यं तं अजून देव्हाऱ्यात हाये." चंपतरावांनी पान तोंडात सरकवलं. "तुमचा सौरवच गेला होता, विकाले. वापस येऊन त्यानंच साऱ्याईले सांगतलं."