साडीगार्ड नसलेली क्रूझर

"मागे साडीगार्ड नाही, एका बाजूला बसलं की पाय लोंबकळतात. मला नाही जमायचं," असं बायको आल्या दिवसापासून म्हणत होती. शेवटी मी माझी बुटकी, काळीभोर क्रूझर बाइक विकायला काढली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत बायकोने त्याच्यापुढे तक्रारींचा पाढा सुरू केला होता.

"स्पीडब्रेकरला पोट घासतं. गल्लीत वळवताना हात भरून येतात. आणि सिग्नलला न्यूट्रल म्हणून लागत नाही."

गिऱ्हाईक चहा पिऊन निघून गेलं.

मी तिला विचारलं, "मागे बसणाऱ्या बाईला न्यूट्रलचं कसं कळलं?"

"तुम्ही कंपनीच्या बसने जाता. गाडी दिवसभर दारात उभी असते," ती शांतपणे म्हणाली. "हिच्यावर माझे दोन्ही पाय टेकतात."

"पण तूच नको म्हणत होतीस ना?"

"गाडी नको म्हटलं नव्हतं. मागे बसणं नको म्हटलं होतं."

तिने खुंटीवरची किल्ली घेतली, पदर कमरेला खोचला आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"बसा मागे. साडीगार्ड नाही, पण तुम्हाला कशाला लागतंय?"