लॅपटॉपमधले तीन दोष

"चालूच होत नाही," टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "बघा बरं काय झालंय याला."

काळा, जाडजूड लॅपटॉप. कुठल्याशा कचेरीत दहा-बारा वर्षं घासलेला. शेजारी ट्रेमध्ये नवी रॅम, नवी एसएसडी डिस्क आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच. मुलाखतीच्या पत्रात हेच लिहिलं होतं: जुन्या लॅपटॉपमधले तीन दोष शोधायचे, दुरुस्त करायचे, मग त्याचा वेग वाढवून दाखवायचा. जागा एकच.

तिला बाराची वेळ दिली होती. पत्ता शोधण्यात घोळ नको म्हणून ती साडेदहालाच दुकानात येऊन थडकली होती.

"मी फार लवकर आले का, सर?"

"बरंच झालं की. मालकीणबाई बाराला येतील. तोवर वेळ कशाला वाया घालवायचा? आणि ते सर वगैरे नको हो."

पन्नाशीचे असावेत. अंगात निळा ॲप्रन, हातात वही. इथले जुने कारागीर दिसतात, ती मनात म्हणाली. म्हणजे कडक असणार.

नात्यातल्या झाडून सगळ्यांचे लॅपटॉप तिने फुकटात दुरुस्त केले होते. पण फिजिक्सची पदवी घेऊन वर्ष झालं तरी नोकरीचा पत्ता नव्हता. आईने काल निर्वाणीचं सांगितलं होतं: हे जमलं नाही तर सोमवारपासून मावशीच्या शिकवणीत पाचवीच्या पोरांचं गणित घ्यायचं.

तिने बटण दाबलं. स्क्रीन काळीच. आतून लांब बीप आली, मग आणखी एक.

"ओरडतंय का हे?"

"बोलतंय. स्क्रीनवर दाखवता येत नाही, म्हणून आवाजाने सांगतंय की रॅममध्ये गडबड आहे."

"असं?" त्यांनी वहीत लिहिलं.

तिने लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली.

"आधी बॅटरी का?"

"वीज असताना आत हात घातला तर बोर्ड जाईल. आणि त्याच्या मागोमाग माझी नोकरी."

ते खो खो हसले. तेही बहुधा लिहून घेतलं.

रॅमची पट्टी तिने उजेडात धरली, नखाने चाचपली. सोनेरी दातांवर पारदर्शक चिकटपट्टी होती. "हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी मुद्दाम चिकटवलीय."

"मुद्दाम!" ते इतके पुढे वाकले की चष्मा नाकावर घसरला. "मालकीणबाई भलत्याच पोचलेल्या दिसतात."

"पहिला दोष हाच. बरोबर ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

तिला हसू आलं. कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक अगदी असंच करायचे. आपण विचारलं की उलट प्रश्न, आणि चेहरा कोराच्या कोरा. त्यांच्यापुढे एकच उपाय चालायचा: गप्प बसायचं नाही, प्रत्येक पावलाचं कारण सांगत सुटायचं.

ती सांगत सुटली.

चिकटपट्टी काढल्यावर लॅपटॉप चालू झाला आणि पाच मिनिटांत तापून बंद पडला. तिने कडेच्या जाळीपाशी तळहात धरला. वारा नाही. पंख्याची वायर खाचेतून उपसलेली होती. ती तिने चिमट्याने बसवली. दुसरा दोष.

तिसऱ्याने छळलं. सगळं चालत होतं, वायफायही लागलं होतं, पण एकही वेबसाइट उघडेना. ती खालचा ओठ चावत बसली. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. दहा वर्षांपूर्वीची एक जानेवारी.

"आतला नाण्याएवढा सेल संपलाय. त्याच्यावर घड्याळ चालतं."

"पण घड्याळ चुकलं म्हणून वेबसाइट का रुसते?"

प्रश्न चांगला होता. त्यांच्या डोळ्यांत खरंच कुतूहल दिसत होतं.

"प्रत्येक साइटला मुदतीचं ओळखपत्र असतं. लॅपटॉप म्हणतो, हे ओळखपत्र तर अजून जन्मलंच नाही. मग दारातूनच हाकलतो."

"म्हणजे पहारेकरी प्रामाणिक, पण कॅलेंडर जुनं."

"अगदी!"

खणात नवा सेल सापडला. नवी रॅम मोकळ्या खाचेत बसली. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला अर्धा तास लागणार होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हो गं. चाललंय. छान चाललंय. मग करतो." फोन ठेवून ते म्हणाले, "मुलगी. उगाच काळजी करते."

नवी डिस्क बसवून तिने बटण दाबलं. नऊ सेकंदांत लॅपटॉप कामाला तयार. त्यांनी टाळी द्यायला हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, तो मागे घेऊन वही उचलली.

बाराच्या ठोक्याला मालकीणबाई आल्या. ती अदबीने बाजूला, दारापाशी जाऊन उभी राहिली.

"झालं?"

"झालं," ते म्हणाले आणि वही उघडून सांगू लागले. "आधी बॅटरी काढली. रॅमवरची चिकटपट्टी नखाने चाचपून शोधली. पंख्याची वायर बसवली. तारीख बघून सेल ओळखला. मग डिस्क बदलली, रॅम वाढवली." प्रत्येकाचं कारणही दिलं. पहारेकरीसुद्धा सोडला नाही.

तिचे कान गरम झाले. शब्द न् शब्द तिचा होता. तिचं काम आजवर कुणी इतक्या बारकाईने, इतक्या कौतुकाने मांडलं नव्हतं. सोमवार आता मावशीचा राहिला नव्हता.

"वा! तिन्ही दोष, तेही कारणांसकट," मालकीणबाई म्हणाल्या. मग दारापाशी उभ्या असलेल्या तिच्याकडे वळल्या. "बाराच्या उमेदवार तुम्हीच ना? माफ करा हं, दहाच्या या काकांनी तुमच्यासाठी शोधायला काही शिल्लकच ठेवलं नाही, जागा भरली."