दुसरं कडवं

चार दौऱ्यांतलं तेच एक गाणं ताईने सकाळपासून कितीदा ऐकलं, त्याची गणती नव्हती. जाहीर कार्यक्रमांच्या नव्या अल्बममध्ये ते कुठल्यातरी एकाच दौऱ्यातलं घ्यायचं होतं आणि निवड तिच्यावर सोपवली होती. बँडमधले सगळेच तिला ताई म्हणत. सख्खी ती फक्त गायकाची. पण ध्वनिमुद्रणाच्या त्या खोलीत ती कुणाची ताईबिई नसे. भावाचा सूर घसरला, तर तोंडावर सांगायची.

पहिल्या दौऱ्यात गाणं नुसतं धावत होतं, तेव्हा सगळ्यांनाच हुरूप भारी. दुसऱ्यात छान मुरलं होतं. तिसऱ्यात भावाने पहिलंच कडवं दोनदा म्हटलं होतं आणि लोकांनी त्यावरही टाळ्या पिटल्या होत्या. एकदा माणूस डोक्यावर घेतला, की त्याची चूकही डोक्यावरच बसते. चौथ्या दौऱ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, दुसरं कडवं आलं की तो माइक सरळ गर्दीसमोर धरायचा. मॅनेजरला हेच हवं होतं. हजारो लोक एका सुरात गातात, ऐकताना अंगावर काटा येतो, असं त्याने दोनदा फोन करून सांगितलं.

ताईला ती तऱ्हा मुळीच आवडली नव्हती. लोकांनी तिकीट तुझं गाणं ऐकायला काढलंय, स्वतः गायला नाही, असं तिने तेव्हा भावाला चांगलं सुनावलं होतं. त्यावर तो फक्त हसला होता.

मंचावरच्या प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठवलेला असतो. गर्दीचा गोंगाट कुठून एवढा शिरतोय हे बघायला तिने एकेक माइक बंद करत आणला. शेवटी बेस गिटारवाल्यासमोरचा तेवढा उरला. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्यात भावाचा आवाज होता, अगदी जवळून.

"पुढे काय? अरे, पुढे काय?"

"लोकांकडे दे," बेसवाला म्हणत होता.

तिने त्याच दौऱ्यातले आणखी तीन कार्यक्रम काढले. पहिल्या दोन्हींत तेच. तिसऱ्यात भाऊ विचारतही नव्हता, कडवं यायच्या आतच बेसवाला म्हणत होता, "दे." तिने हेडफोन काढून ठेवला. आपण वर्षभर याला आळशी समजलो, या विचाराने तिला स्वतःचीच चीड आली. पुढच्या महिन्यात पाचवा दौरा निघायचा होता. त्याला आता मंचावर उभं कसं करायचं?

दुपारी भाऊ आला तो शीळ घालतच. खुर्ची ओढून बसला आणि कुठलं घ्यायचं ठरलं, म्हणून विचारू लागला.

"आधी दुसरं कडवं म्हणून दाखव," ताई म्हणाली. "चाल नको. नुसते शब्द."

त्याने घसा बसल्याचं सांगितलं. मग म्हणाला, आपलंच गाणं, त्यात दाखवायचं काय? ते खरंच होतं. विसाव्या वर्षी ताईच्याच स्वयंपाकघरात बसून त्याने ते लिहिलं होतं, आणि ती कांदा चिरत असताना ओळ न ओळ तिला ऐकवली होती. त्याची नजर तिच्यावरून समोरच्या संगणकाच्या पडद्याकडे गेली. तिथे सगळे माइक बंद होते, एक बेसवाल्याचा सोडून. तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलंही नाही.

"तिथे समोर लोक असतात ना," तो हळूच म्हणाला.

आणि मूठ वळून, माइक धरतात तशी, त्याने ती ताईच्या तोंडासमोर धरली.