विरोधात बोलायला तुबा

दुपारी तीन वाजता अचलपूरच्या एका कॉलेजात भाषणकलेच्या पाठ्यपुस्तकावर समितीचं मतदान झालं. इंटरनेटवरचं खुलं, मोफत पुस्तक लावावं, असा प्रणाली मॅडमचा प्रस्ताव होता. विरोधात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून प्राचार्यांनी एक विद्यार्थी मागितला. मॅडमनी तुबाला पाठवलं. ती हजेरीलाही नुसता हात वर करायची.

"सर, हे पुस्तक मोबाइलवर वाचा लागते," तुबा म्हणाली. "उघडलं का मामूचा फोन येते. मामूले काय सांगू? थांबा, तिसरा धडा सुरू आहे?"

समिती खो खो हसली. तुबानं हशा ओसरू दिला, मग पुढचा मुद्दा मांडला. प्रस्ताव एकमतानं पडला. मॅडमनीही विरोधातच हात वर केला.

"मॅडम, प्रस्ताव तुमचाच होता ना? मंग हे काहून?" प्राचार्यांनी विचारलं.

"पटलंच ना तिचं, सर!" मॅडमना हसू आवरेना. "आता तिले विचारा, असं बोलाले कुठून शिकली."

तुबानं मोबाइल पुढे केला. तेच पुस्तक उघडं होतं, तिसऱ्या धड्यावर.

समिती पुन्हा बसली आहे. या वेळी पुस्तकाच्या बाजूनं बोलायला तुबालाच उभं केलंय, आणि तिचं भाषण अजून सुरू आहे.