मागचे ब्रेक

"एक नट ढिला ठेव. बाकी काही करू नकोस," निर्मलकुमार हळू आवाजात म्हणाले.

योगराज लिफ्टवर चढवलेल्या लाल स्पोर्ट्स कारखाली उभा होता. हायवेला लागून असलेलं त्याचं धुळ्याचं गॅरेज दुपारी पत्र्यांमुळे नुसतं तापायचं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"कशासाठी, शेठ?"

"रविवारी गाडी ट्रॅकवर उतरायला नको. एवढंच."

"ब्रेकचा नट ढिला ठेवला तर गाडी उतरते, शेठ. थांबत नाही तेवढी."

निर्मलकुमारांनी रस्त्याकडे एक नजर टाकली. जळगावहून ते कुणाला न सांगता आले होते. डाळमिलच्या ड्रायव्हरलाही त्यांनी चहाच्या निमित्तानं समोरच्या टपरीवर पाठवलं होतं. गाडी त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, अखिलची. ट्रॅकवर पळवायची म्हणून मागचे ब्रेक बदलून घ्यायला त्यानं ती इथे आणून लावली होती.

"निदान मोठे ब्रेक बसले की तो सुखरूप राहील ना?"

योगराजनं मागच्या चाकाची नवी, रुंद डिस्क त्यांना दाखवली. "नुसते मोठे बसवून नाही भागत. वेगात ब्रेक मारला आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. पुढचं-मागचं जुळवावं लागतं. तेच चाललंय."

भोवऱ्यासारखी. निर्मलकुमार त्या डिस्कपासून मागे सरकले.

"तुम्ही बाप आहात," योगराज म्हणाला. "सरळ नाही म्हणा ना त्यांना."

"कोणत्या तोंडानं म्हणू?"

तीच तर अडचण होती. अखिल आणि विधीच्या साखरपुड्यात, भरल्या मांडवात, त्यांनीच व्याह्यांना सांगितलं होतं, "आमचा अखिल रेसिंग करतो!" मित्राबरोबर पोरगं एकदा ट्रॅक बघून आलं होतं, त्याचं त्यांनी एवढं केलं. व्याही खूश झाले. "मग आम्ही विधीला घेऊन बघायलाच येतो," म्हणाले. "या की, सगळे या!" हेही निर्मलकुमारच बोलून बसले. अखिल शेजारीच उभा होता. तो नुसता हसला होता.

योगराजनं पुन्हा पाना उचलला. "माझ्या हातून ब्रेकचं खोटं काम व्हायचं नाही, शेठ. दुसरं काहीही सांगा."

शनिवारी दिवस मावळायच्या आत घरात जेवणं उरकली. अखिलनं ताटातली पोळी नुसती चिवडली आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. निर्मलकुमारांचे कान तिकडेच होते.

"घाई करू नकोस, योगराज. हो, हो, मागची चाकं. पुन्हा एकदा बघ. काही राहिलं असेल तर स्पष्ट सांग."

"आनंदानं भूकच मेली पोराची," अखिलची आई, सज्जनबाई, कौतुकानं म्हणाल्या.

निर्मलकुमारांनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. ब्रेकची एवढी बारीक चौकशी करतोय, म्हणजे हा गाडी हाणणार तरी किती?

थोड्या वेळानं अखिल घरच्या गाडीची किल्ली शोधू लागला. "गॅरेजवर जाऊन येतो."

"अरे, उद्या सकाळी तिकडेच तर जायचंय!"

"एकदा बघून येतो, पप्पा."

केवढं हे वेड! धुळं काय गल्लीच्या तोंडाशी आहे?

रविवारी धुळ्याबाहेरच्या त्या खाजगी ट्रॅकवर निर्मलकुमारांच्या घरची दोन गाड्या भरून माणसं आली होती. सज्जनबाईंनी खाकऱ्यांचा डबा उघडला. व्याह्यांनी डोक्यावर टोपी चढवली आणि मोबाइल धरून ते कठड्याला टेकले. विधी पुढेच उभी होती.

समोर एक गाडी वळणावर घसरली, धुळीचा लोट उठवत अर्धी फिरली आणि थांबली. बघणारे ओरडले. आतला माणूस हसत बाहेर आला, तरी निर्मलकुमारांनी घट्ट धरलेला कठडा सोडला नाही.

अखिलनं हेल्मेट घातलं. काढलं. आतला घाम पुसून पुन्हा घातलं.

"थांबा, अखिलभाऊ," योगराज म्हणाला. "आधी मी एक फेरी मारतो."

लाल गाडी गेली. लांबच्या वळणाआधी तिचे मागचे दिवे पेटले, ती दबली आणि दोरीनं ओढल्यासारखी सरळ वळून दिसेनाशी झाली. निर्मलकुमारांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण हे उत्तम चाललंय एवढं कळलं. त्यांनी नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली.

योगराज उतरला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गाडी उतरवू नका. मागचे ब्रेक जमले नाहीत माझ्याच्यानं."

 शेजारच्या गाड्यांचे मेकॅनिक हसले.

"म्हणजे? इतके दिवस काय झोपा काढल्यास?" अखिल ओरडला. त्यानं हेल्मेट बॉनेटवर आपटलं. "एवढी माणसं आली आहेत माझी! पुन्हा तुझ्या गॅरेजची पायरी चढणार नाही मी!"

"चुकलं, भाऊ," योगराज मान खाली घालून म्हणाला.

"मेकॅनिक पारखून घ्यायचा असतो हो," व्याही म्हणाले. "जाऊ द्या, जावईबापू. जीव महत्त्वाचा. पुढच्या वेळी बघू."

विधीनं अखिलच्या हातात पाण्याची बाटली दिली. सगळे खाकऱ्यांकडे वळले.

निर्मलकुमार तेवढ्यात सटकले. योगराज गॅरेजच्या टेम्पोमागे हात धूत होता. त्यांनी त्याचे ओले हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तू माझं ऐकलंस, योगराज. चारचौघांत स्वतःचं नाव घालवलंस, पण माझी लाज राखलीस. हे उपकार मी विसरणार नाही."

योगराजनं हात सोडवून घेतले आणि फडक्याला पुसले.

"तुमचं कुठे ऐकलं, शेठ? ब्रेक बठ्ठे बराबर शे, काही खोट नाही त्यांत. अखिलभाऊ काल गॅरेजवर येऊन रडले. म्हणाले, मला भीती वाटते, पण पप्पांनी व्याह्यांना शब्द दिलाय. त्यांची मान खाली जाणार नाही असं काहीतरी कर."